वीतभर उघडा दगड

सात हात लांब, वीतभर रुंद आणि आता कडेकडेनं खाल्लेली अशी मी एक जुनी जस्ताची पट्टी आहे, मित्रांनो. माझ्यासारखीकडे कुणी मुद्दाम पाहत नाही. घर बघायला आलेली माणसं दार पाहतात, खिडक्या पाहतात, मान वर करून छप्पर पाहतात. भिंत जोत्यावर जिथे टेकते तिथे वाकून पाहणारी माणसं फार थोडी. माझं सगळं आयुष्य मात्र तिथेच गेलं. तिथे मी जे पाहिलं ते चांगलं नव्हतं. तरी ते तुम्हाला सांगायला हवं.

माझा जन्म जळगावला एका पत्र्याच्या दुकानात झाला. साल होतं एकोणीसशे बावन्न. उखर्डू नावाच्या कारागिरानं मोठ्या पत्र्यातून मला कापलं, लाकडी हातोड्यानं ठोकून सरळ केलं आणि माझी एक कड खाली वाकवली. टोपीची कड कपाळाबाहेर येते ना, तशी. माझ्या तीन बहिणीही त्याच दिवशी तयार झाल्या. आम्हां चौघींना सुतळीनं बांधून मोटारीच्या टपावर टाकलं आणि आम्ही यावल आणि फैजपूरच्या मधल्या एका गावी येऊन पोचलो. सभोवार केळीच्या बागा, मागे सातपुड्याची निळी रेघ. गाव मला पाहताक्षणी आवडलं.

आम्हाला का बोलावलं होतं ते नंतर कळलं. त्या गावात मोतीलालभाऊ नावाचे एक बागायतदार होते. गावाच्या दवाखान्याची समिती त्यांच्याच शब्दावर चाले. दवाखाना म्हणजे तेव्हा चार बाजूंनी पत्रे ठोकलेलं एक छप्पर होतं. धुळ्याहून शिकून आलेल्या प्रमिलाबाई नर्स तिथे बाळंतपणं करत. आदल्या वर्षीच्या वैशाखात मोतीलालभाऊंची सून तिथे बाळंत झाली. मुलगा झाला. धडधाकट होता. पण पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखी उष्णता होती. प्रमिलाबाईंनी ओली फडकी टांगली, सुंदरबाई आयानं दिवसभर पंखा हलवला, तरी तिसऱ्या दिवशी दुपारी ते बाळ गेलं. आठवड्यानं मोतीलालभाऊंनी गाव जमवलं आणि सांगितलं की या गावात आता एकही बाळ उन्हानं जाणार नाही. तशी खोली आपण बांधू.

त्यासाठी धुळ्याहून एक ओव्हरसियर आले. त्यांनी गार खोलीचा नकाशा काढून दिला. दगडी जोतं, जमिनीखाली कोळशाच्या चुऱ्याचा जाड थर, आणि जोत्याच्या बाहेरच्या अंगाला चुन्यात कालवलेल्या भुईमुगाच्या टरफलांचं वीतभर जाडीचं अस्तर. दगड उन्हानं तापला की आतली जमीन तापते. हे अस्तर ऊन दगडापर्यंत पोचू देणार नव्हतं. जोत्यावर सागाची आडवी तुळई, तिच्यावर सागाचे खांब, आणि खांबांवर बाहेरून फळ्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. वर कौलं.

नकाशा सगळ्यांना आवडला. एकाला सोडून. ते होते गिरधर मिस्त्री. साठीचे, बारीक, कमी बोलणारे सुतार. गाव त्यांना नाना म्हणे. टरफलांच्या पाट्या आल्या तेव्हा त्यांनी मूठभर टरफलं हातात घेतली, चुरली आणि खाली टाकली.

"मोतीलालभाऊ, ही टरफलं म्हणजे उधईले आवतन हाये," ते म्हणाले.

उधई म्हणजे वाळवी, मित्रांनो. आमच्या खान्देशात तिला उधई म्हणतात. तिला उजेड सोसत नाही. ती जमिनीखालून येते, मातीची बारीक नळी बांधत वर चढते आणि लाकूड आतून खाते. बाहेरून लाकूड जसंच्या तसं दिसतं.

ओव्हरसियर म्हणाले, चुना आहे, उधई येणार नाही. गिरधरनानांनी वाद घातला नाही. फक्त एक अट घातली. टरफलांचं अस्तर जोत्याच्या माथ्यापर्यंत न्यायचं नाही. वर वीतभर दगड उघडा ठेवायचा. आणि दगड नि तुळई यांच्या मध्ये जस्ताची पट्टी बसवायची, जिची कड दोन बोटं बाहेर येऊन खाली वळलेली असेल. अस्तरातून उधई वर आलीच, तर तिला त्या उघड्या दगडावरून आणि पट्टीच्या कडेला वळसा घालून चढावं लागेल. म्हणजे ती दिसेल. दिसली की माणूस तिला मोडू शकतो.

"मले तिले अडवता येनार नाही," नाना म्हणाले. "पन ती आली तर उजेडातून आली पाहिजे."

अशी मी पश्चिमेच्या भिंतीखाली बसले. पश्चिमेची भिंत सगळ्यांत लांब, आणि दुपारचं ऊन तिच्यावरच. माझ्या पाठीवर तुळई, तुळईवर खांब, खांबांवर अर्धं छप्पर. ओझं मोठं होतं. पण फळ्यांवरून ओघळणारं पावसाचं पाणी मी जोत्यापासून लांब टाकत असे आणि मला माझं काम आवडत होतं.

पहिली दोन वर्षं सुखाची गेली. बाहेर गरम वाऱ्याची लू वाहत असली तरी आत पाय ठेवला की गारवा लागे. दूरदूरच्या गावांहून बायका बाळंतपणाला येऊ लागल्या. एकही बाळ उन्हानं गेलं नाही. लोक खोलीला वाखाणत, मोतीलालभाऊंना वाखाणत. सुंदरबाईला मात्र कुणी काही म्हणत नसे. ती अमळनेरकडची, विधवा, दवाखान्यातच एका कोपऱ्यात राहणारी. गिरधरनानांनी तिला एकदा बसवून समजावलं होतं की दर बाजाराच्या दिवशी काय पाहायचं. त्या दिवशी ती आधी झाडून घेई, मग भिंतीच्या कडेनं उकिडवी सरकत जाई आणि माझ्या वाकवलेल्या कडेखाली बोटं फिरवी. दोनदा तिला मातीची नळी सापडली. दोन्ही वेळा तिनं ती खराट्याच्या दांड्यानं खरवडली आणि वर राकेल ओतलं. कुणाला सांगितलंही नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं तिला वाटत असावं.

मग चौपन्न साल आलं. मुंबईहून कुणी मोठे पाहुणे खोली पाहायला येणार असं ठरलं. मोतीलालभाऊंनी पंधरा दिवस आधीच साफसफाई काढली. एका सकाळी ते पश्चिमेच्या बाजूला उभे राहिले आणि माझ्याकडे पाहू लागले. दोन वर्षांत प्रथमच. मी मनातून फुलले. पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. खाली टरफलांच्या अस्तराचा गिलावा, त्यावर उघड्या काळ्या दगडाचा पट्टा, त्यावर डागाळलेली जस्ताची कड, मग फळ्या. हे असं अर्धवट का ठेवलं आहे, असं त्यांनी विचारलं. पाहुणे म्हणतील, गाववाल्यांनी काम पुरं केलं नाही.

गिरधरनाना तेव्हा लेकीकडे धुळ्याला राहायला गेले होते. सुंदरबाई जवळच झाडत होती. तिनं खराटा खाली ठेवला आणि ती आपल्या अहिराणीत म्हणाली, "भाऊ, नानानी सांगेल शे, हाई जागा झाकानी नही."

मोतीलालभाऊ तिच्यावर रागावले नाहीत. वाईट माणूस नव्हते ते. त्यांनी तिला शांतपणे समजावलं की नाना जुन्या वळणाचे आहेत, आणि दोन वर्षांत कुठे आली उधई? आलेली उधई कुणी मोडली हे त्यांना ठाऊक नव्हतं. सुंदरबाईनं ते सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात जळगावचा गवंडी आला आणि भाऊ त्याच्याकडे वळले.

दोन दिवसांत काम झालं. जमिनीपासून थेट फळ्यांपर्यंत एकसारखा गुळगुळीत गिलावा. दगड झाकला. मी झाकली गेले. शेवटची थापी माझ्या कडेवरून फिरली तेव्हा केळीच्या बागेचा एक हिरवा तुकडा मला दिसत होता. मग तो गेला.

यानंतरचं बाहेरचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगते. पाहुणे आले. खोली किती नीटनेटकी आहे असं म्हणाले. भिंतीला लागून एक वाफा खणला होता, त्यात कर्दळी लावल्या होत्या, त्यांचंही कौतुक झालं. कर्दळीला पाणी फार लागतं. रोज दवाखान्यातलं सांडपाणी त्या वाफ्यात सोडू लागले. ओल जोत्यापर्यंत आली. मग टरफलांत उतरली.

अंधारात वेळ कळत नाही, मित्रांनो. पण उधई आली तेव्हा मला कळलं. आधी फार हलका आवाज आला. कोरडं पान चुरगळावं तसा. मग टिकटिक. उधईतल्या शिपायांना धोका वाटला की ते डोकी आपटतात, त्याचा तो आवाज. टरफलांच्या अस्तरातून त्या वर आल्या. तिथे वाट आयती होती, मऊ, ओली, झाकलेली. उघड्या दगडापाशी त्यांना थांबावं लागलं असतं. आता दगड उघडा नव्हता. गिलाव्याच्या आणि दगडाच्या मध्ये एक केसाएवढी फट होती, तीतून त्या चढल्या. माझ्या कडेपाशी आल्या. गिलाव्यातूनच कडेला वळसा घातला. हजारो पाय माझ्या अंगावरून तुळईकडे गेले. त्यांना उजेडात आणण्यासाठीच मला घडवलं होतं. आणि मी त्यांच्याबरोबर अंधारात पडून होते.

बाहेर कुणाला काही दिसत नव्हतं.

पंचावन्नच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी खोलीत पंख फुटलेल्या उधईचा थवा उठला. सकाळी सुंदरबाईनं पश्चिमेच्या कोपऱ्यातून सूपभर पंख झाडून काढले. तिनं ते सूप प्रमिलाबाईंना दाखवलं. प्रमिलाबाई म्हणाल्या, पावसात येतातच किडे. पण त्यांनी समितीला एक चिठ्ठी लिहिली. समितीनं उत्तर दिलं नाही. पुढच्या वर्षी पश्चिमेची खिडकी लागेनाशी झाली. सुताराकडून तिची कड तासून घेतली. मग भिंतीवरची एक फळी फुगली. या वेळी मात्र समितीनं लगेच काम काढलं. सगळ्या फळ्यांना हिरवा तेलरंग दिला. दोन हात दिले. त्या रंगानं फळी छान चकाकू लागली. माझ्या वरचं लाकूड तोवर चाळणी झालं होतं. पुष्कळ ठिकाणी तर फळी म्हणजे आतून माती आणि वरून रंगाचं कातडं, एवढंच उरलं होतं.

सत्तावन्न साली गिरधरनाना एकदा गावी आले. फार थकले होते. ते भिंतीपाशी आले, वाफा पाहिला, गिलावा पाहिला. मग फळीवर तळहात ठेवून उभे राहिले. जणू आजाऱ्याच्या छातीवर हात ठेवला आहे. त्यानंतर ते मोतीलालभाऊंकडे गेले. तिथे काय झालं ते मला सुंदरबाईच्या बोलण्यातून कळलं. नानांनी गिलावा फोडून पाहायला सांगितलं. भाऊ म्हणाले, केळीची कापणी झाली की बघू. कापणी झाली आणि भाऊ विसरले. नानांनी जाताना सुंदरबाईला इतकंच सांगितलं की अधूनमधून आतल्या बाजूनं तुळईत दाभण टोचून बघत जा. ज्या दिवशी ते सहज आत जाईल त्या दिवशी खोलीत कुणाला ठेवू नको.

ती टोचत राहिली. अठ्ठावन्नमध्ये दाभण बोटभर जाऊ लागलं. तिनं दोनदा प्रमिलाबाईंना सांगितलं, प्रमिलाबाईंनी दोनदा समितीला लिहिलं. गावानं भिंतीकडे पाहिलं. भिंत हिरवीगार, कर्दळी फुललेल्या. एवढ्या चांगल्या खोलीत दोष काढणाऱ्या बाईविषयी लोक आपसांत हसू लागले. ती एकटी असते, तिला भास होतात, असं कुणी म्हणालं. ते तिच्याही कानावर गेलं. तिनं बोलणं कमी केलं. टोचणं सोडलं नाही.

एकोणसाठचा वैशाख भयंकर होता. पाखरं झाडाखाली मरून पडत होती. त्या वैशाखात मोतीलालभाऊंची लेक पुष्पा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला कळा सुरू झाल्या तसं भाऊंनी तिला गाडीत घालून गार खोलीत आणलं आणि स्वतः बाहेर ओट्यावर बसून राहिले. खोलीत दुसरी कुणी बाळंतीण नव्हती. पुष्पाची खाट पश्चिमेच्या भिंतीशी होती, कारण तिथे जमीन सगळ्यांत गार असे.

ऊन डोक्यावर आलं आणि वारा सुटला. कोरडा, धुळीचा. माझ्या पाठीवरचं ओझं हललं. सात वर्षांत ते कधी हललं नव्हतं. वर कुठेतरी करकर आवाज झाला आणि पुष्पाच्या पांघरुणावर कौलांची बारीक माती पडली. सुंदरबाईनं ती झटकली. पुन्हा पडली. तेव्हा तिनं कमरेचं दाभण काढलं, खाटेमागे वाकून तुळईत टोचलं, आणि तिची मूठ लाकडाला जाऊन टेकली. दाभण सगळं आत गेलं होतं.

तिनं प्रमिलाबाईंना खुणेनं बोलावलं. प्रमिलाबाईंनी तेच दाभण घेऊन चार हात पलीकडे टोचलं. तिथेही तेच. त्यांचा चेहरा उतरला. त्या ओट्यावर गेल्या आणि मोतीलालभाऊंना म्हणाल्या की पुष्पाला आत्ताच्या आत्ता इथून हलवायला हवं.

"बाहेर?" भाऊ उठून दारात उभे राहिले. "बाई, बाहेर काय ऊन आहे ते बघा. याच उन्हानं माझ्या घरातलं एक लेकरू नेलं. त्यासाठी तर ही खोली बांधली. मी तिला बाहेर नेऊ देणार नाही."

भाऊंचं म्हणणं खोटं नव्हतं. कळा देणाऱ्या बाईला तसल्या उन्हात नेणं म्हणजे जिवाशी खेळ. आत राहणं म्हणजेही तोच. आतून पुष्पाचं कण्हणं येत होतं.

सुंदरबाई आत गेली, मसाला कुटायचं मुसळ घेऊन आली आणि भाऊंच्या अंगावरून खोलीला वळसा घालून पश्चिमेला आली. तिनं कर्दळी पायाखाली तुडवल्या. मुसळ उचललं आणि गिलाव्यावर घातलं. दुसऱ्या घावाला हातभर पापुद्रा गळून पडला.

पाच वर्षांनी माझ्यावर ऊन पडलं. माझ्या अंगावर मातीच्या नळ्यांचं जाळं होतं, बोटाएवढं जाड. त्यांतून पांढऱ्या अळ्यांसारख्या उधया सैरावैरा पळू लागल्या.

मोतीलालभाऊ तिच्यामागे धावत आले होते. काय करते आहेस, असं विचारत होते. सुंदरबाईनं त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"भाऊ, तुमी मनं ऐकू नका," ती म्हणाली. "हात घालीसन देखा. बठ्ठं पोकय शे." सगळं पोकळ आहे, असं ती म्हणत होती.

मोतीलालभाऊंनी माझ्या वर, तुळई जिथे असायला हवी होती तिथे हात घातला. हिरव्या रंगाचा पापुद्रा फुटला आणि हात मनगटापर्यंत आत गेला. त्यांनी तो बाहेर काढला. मुठीत ओली माती होती आणि ती हलत होती. ते त्या मुठीकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात धोतराला पुसला आणि माणसांना हाका मारत दाराकडे धावले.

कुठे न्यायचं हा प्रश्न होता. गावात सगळ्यांत गार जागा कुठली, असं प्रमिलाबाईंनी विचारलं. भाऊ क्षणभरही थांबले नाहीत. रस्त्यापलीकडे त्यांचीच केळीची बाग होती, सकाळीच पाटाचं पाणी दिलेली. चौघांनी खाट उचलली, दोघांनी वर ओलं धोतर धरलं, आणि पुष्पाला तिथे नेलं. मी ते दृश्य फुटलेल्या गिलाव्यातून पाहिलं. मोठमोठ्या पानांखाली ती खाट नाहीशी झाली.

पण बाळंतपणाचं सामान आतच होतं. उकळलेल्या पाण्याचं पातेलं, कात्री, धागा, धुतलेली फडकी. सुंदरबाई धावत आली आणि कात्रीचा डबा नि फडकी घेऊन गेली. मी मनात म्हटलं, आता येऊ नकोस. ती पुन्हा आली. पातेलं चुलीवर होतं आणि प्रमिलाबाईंना पाणी हवं होतं. आत जाताना तिनं एकदा पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. त्या गावात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

वाऱ्याचा एक लोट आला. मोठाही नव्हता. असे कितीतरी त्या भिंतीनं झेलले होते. माझ्या पाठीवरची तुळई पापडासारखी चुरली, खांब माझ्यावरून घसरले, आणि छप्पर खाली आलं. मी मधोमध दुमडले. मग धूळ. मग बराच वेळ कौलं घरंगळल्याचा आवाज.

माणसं पळत आली. मोतीलालभाऊ सर्वांत आधी पोचले आणि हातांनीच कौलं बाजूला टाकू लागले. सुंदरबाई दारापर्यंत आलेली होती. दोन पावलं अजून मिळाली असती तर ती सुटली असती. तिचा उजवा हात खांबाखाली होता. पातेलं लांब उपडं पडलं होतं. ती शुद्धीवर होती. तिनं पहिल्यांदा पुष्पाचं काय झालं तेच विचारलं. भाऊंना सांगता येईना, कारण त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

तासाभरानं केळीच्या बागेत पुष्पाला मुलगी झाली. पाटाच्या काठावर, ओल्या मातीवर पानं अंथरून. दोघी जगल्या. सुंदरबाईला मोटारीतून जळगावला नेलं. तीही जगली. पण तिचा उजवा हात कोपरापासून कायमचा गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मोतीलालभाऊंनी ढिगाऱ्यापाशी गाव जमवलं. लोकांना वाटलं, ते नव्या खोलीविषयी बोलतील. ते खाली मान घालून उभे राहिले.

"लोक म्हणतात, उधईनं भिंत पाडली," ते म्हणाले. "उधई तिचं काम करते. भिंत मी झाकली. मला नानांनी सांगितलं, बाईंनी लिहून सांगितलं, सुंदरबाईनं तोंडावर सांगितलं. मी भिंतीचा रंग बघत राहिलो." ते खाली बसले. कुणीही त्यांचं सांत्वन केलं नाही.

नवी खोली साठ साली दुसऱ्या जागी उभी राहिली. सुंदरबाईला समितीनं काम दिलं, पण आता ती झाडू शकत नव्हती. ती दाराशी बसे. जवळून जाणाऱ्या बायका आवाज खाली आणत. काही जणी तिच्या पाया पडत, तेव्हा ती तोंड फिरवी. तिला काय वाटत होतं ते मला सांगता येणार नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की तिनं पुन्हा कधी कुणाला कसला इशारा दिल्याचं मी ऐकलं नाही.

मी दुमडलेली, नव्या दवाखान्याच्या पडवीत अडकवलेली आहे. माझा आता उपयोग नाही. जिथे लटकले आहे त्या खांबाच्या बुडाशी मला कधी कधी चुरगळल्यासारखा आवाज येतो. वारा असेल. नसेलही.

मित्रांनो, तुमच्या घराची भिंत कुठेतरी जमिनीला मिळते. तिथे माती चढवू नका, पाणी साचू देऊ नका, लाकूडफाटा रचू नका, आणि शोभेसाठी ती जागा झाकू नका. आठवड्यातून एकदा वाकून पाहा. हे सगळं तुम्हाला जमेल. एक गोष्ट मात्र याहून अवघड आहे, ती मोठ्यांनाही जमत नाही. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात रोज जमिनीशी वाकून काम करणारं कुणीतरी असतं. तुमच्यापेक्षा ते माणूस त्या भिंतींना जास्त ओळखतं. एखाद्या दिवशी ते हात पुसत तुमच्यासमोर येईल आणि काहीतरी बिघडलं आहे असं म्हणेल. त्याला ते नीट सांगताही येणार नाही. तेव्हा हसू नका. हातातलं काम तिथेच ठेवा, आणि त्याच्याबरोबर बघायला जा.